घड्याळात तेल असतं

दर रविवारी आंघोळ-पूजा आटोपली की मामा लोखंडी कपाट उघडून बिदरीचं जुनं पानदान बाहेर काढतात. सुपारी-लवंगेच्या लहान खणांत आता औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या असतात. खालच्या मोठ्या खणात मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळलेली अकरा घड्याळं. मामा एकेक सोडवतात, चिमटीत चावी धरून बेताने वीस वेळा फिरवतात, कानाशी नेतात, डोळे मिटून ऐकतात आणि परत गुंडाळून ठेवतात. तास-दीड तास हे चालतं. मग कपाट बंद. मामांच्या स्वतःच्या मनगटावर कधीच घड्याळ नसतं. वेळ हवी असली की ते भिंतीकडे बघतात.

माझ्याकडे एकच घड्याळ आहे. पगारातून पाच वर्षं बाजूला टाकून घेतलेलं, यांत्रिक, चावीचं, आणि आमच्या घरात आजवर कुणी कुठल्याही वस्तूवर केला नसेल एवढा खर्च करून घेतलेलं. घेतलं त्या दिवशी हातात बांधलं, ते आजतागायत रोज बांधते. अमीरपेटेहून हायटेक सिटीच्या मेट्रोत दांड्याला धरून उभी असते तेव्हाही ते हातात असतं. मामांच्या मते हा अपराध आहे. माझ्या मते अपराध पानदानात चाललाय. काचीगुड्याच्या त्यांच्या घरी या विषयावर आमचं इतकं बोलून झालं होतं की मामी म्हणाल्या, एकदाचे दोघंही सालारजंगला जा आणि तिथल्या घड्याळालाच विचारा. म्हणून एका शनिवारी आम्ही गेलो. मामांनी त्यांचं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ बरोबर घ्यावं, परतताना महबूब चौकातल्या घडीसाजाला दाखवू, अशी अट मी घातली होती. त्यांनी ते रुमालात बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि नयापूल ओलांडेपर्यंत तीनदा खिसा चाचपला.

सालारजंग संग्रहालयातलं ते संगीत घड्याळ हैदराबादेत वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी पाहिलेलं असतं. सुटे भाग इंग्लंडातले, जोडणी कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीची. दर सेकंदाला एक चिमुकला लोहार हातोडा मारत असतो. तास भरायला आला की वरच्या बाजूला दार उघडून दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके घंटेवर देतो आणि परत आत जातो. बाराच्या ठोक्यांना सगळ्यात जास्त गर्दी होते. आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते आणि बाकं जवळजवळ भरलेली होती. शेजारी नांदेडचं एक कुटुंब होतं, आजीच्या मांडीवर नातू, आणि आजी त्याला मराठीत सांगत होती, आता बाबा येईल हं, बघ बाबा येईल.

बारा ठोके झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मामांकडे पाहिलं.

"बघितलंत? याच इमारतीत घड्याळांचं अख्खं दालन आहे. तिथे लोक चालता चालता बघतात आणि पुढे जातात. इथे बसतात, वाट बघतात. कारण हे चालतंय."

"चालतंय, पण कुणाच्या हातावर बसून नाही," मामा म्हणाले. "ते एका जागी आहे. त्याला घाम लागत नाही, पावसाचं पाणी लागत नाही, दाराच्या कडीला ते आपटत नाही. एक माणूस नेमून त्याची निगा राखली जाते. अगं, यालाच मी संग्रह म्हणतो. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, 1949 साली गेले. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. माणसाने आयुष्यभर जमवलं आणि सांभाळलं, म्हणून 1951 साली त्यांच्या दिवाणदेवडी वाड्यात हे संग्रहालय उघडता आलं. त्यांनी प्रत्येक वस्तू वापरून झिजवली असती तर त्या आजीला नातवाला काय दाखवता आलं असतं?"

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि ते मी मान्य केलं. सांभाळणाऱ्या माणसाचं ऋण वापरणाऱ्याला नेहमी उशिरा कळतं. आजोबांचं वेस्ट एंड घड्याळ आज चालतंय ते मामांमुळे. आजोबा निझाम स्टेट रेल्वेत गार्ड होते. परभणीहून काचीगुड्याला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि हे घड्याळ होतं, सोवार प्रायमा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बस्तान बसवलेल्या त्या स्विस कंपनीचं. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला ते चावी द्यायचे. ते गेल्यावर धाकट्या काकांनी ते घड्याळ दोन वर्षं वापरलं आणि एका पावसाळ्यात तबकडीवर ओल धरून तिचा डावा भाग तांबूस झाला. मामांनी ते त्यांच्याकडून मागून घेतलं. तेव्हापासून ते पानदानात आहे. मामांचा सगळा युक्तिवाद त्या तांबूस डागातून निघतो, हे मला त्या दिवशी बाकावर बसल्यावर नीट उमजलं.

"तुला एक गोष्ट कळत नाही," मामा सांगत होते. "घड्याळाचं यंत्र बदलून मिळतं, तबकडी मिळत नाही. लोक डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घेतात. दिसतं छान, पण ते घड्याळ संपलं. अक्षरं जाड होतात, रेघा सरकतात. तसंच पॉलिशचं. चरे पडले की दुकानदार पॉलिश करून देतो, आणि प्रत्येक पॉलिशबरोबर धातूचा एक पापुद्रा जातो. कडा बोथट होतात. हे बघ."

त्यांनी रुमाल सोडला. ओमेगा कॉन्स्टेलेशन, 1960च्या दशकातलं, आत 561 क्रमांकाचं यंत्र. 1984 साली एका जुन्या देवडीतलं सामान विकायला निघालं होतं, तेव्हा मामांनी दोन महिन्यांचा पगार देऊन ते घेतलं. मध्यभागी सपाट आणि कडेला बारा पैलूंनी उतरती होत गेलेली ती तबकडी आता किंचित सायीच्या रंगाची झाली आहे. मामांनी घड्याळ उलटं केलं. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर चांदण्या कोरलेल्या असतात. हातात वापरलेल्या घड्याळांवर मनगटाच्या घासण्याने आधी चांदण्या पुसट होतात, मग घुमट.

"मोज," मामा म्हणाले.

मी मोजल्या. आठ. आठही चांदण्यांची टोकं नखाला लागत होती.

"आठही शाबूत असलेलं हे घड्याळ आता सहज सापडत नाही. आपल्या बेगमपेठेतली निझामिया वेधशाळा आठव. तसला घुमट. जुन्या काळी घड्याळं वेधशाळेत ठेवून तपासायचे, त्याची ही खूण. मी हे रोज बांधलं असतं तर आज तुला काय दाखवलं असतं? गुळगुळीत पत्रा."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी हरले होते. वस्तू सुंदर होती आणि तिचं सौंदर्य न वापरल्याने टिकलेलं होतं. या बाबतीत वापरणारे लोक पुष्कळदा उथळ बोलतात. वस्तू वापरण्यासाठीच असते असं म्हटलं की प्रश्न सुटला असं त्यांना वाटतं. पैठणीही नेसण्यासाठीच असते, पण आजीची पैठणी भांडी घासताना कुणी नेसत नाही. झिजेला घाबरणं हा कंजूषपणा नसतो. पुष्कळदा ते प्रेमच असतं.

पण मामांनी तिथेच न थांबता निझामाचे दागिने काढले.

"याच संग्रहालयात 2001 साली निझामाचे दागिने ठेवले होते तेव्हा मी रांगेत उभा राहून बघितले. 173 दागिने. 1995 साली सरकारने 218 कोटींना घेतले. त्याआधी आणि नंतरही बँकेच्या तिजोरीत. म्हणून एक खडा ढळलेला नाही."

"आणि त्यातला जेकब हिरा?"

"184.75 कॅरेट."

"तो निझाम महबूब अली पाशांनी बुटाच्या टोकात कोंबून ठेवला होता म्हणतात, आणि त्यांच्या मुलाला, उस्मान अलींना, सापडल्यावर त्यांनी कागदांवर वजन म्हणून वापरला. एवढं करूनही त्याला काही झालं नाही. मामा, हिरा बुटात राहो, टेबलावर राहो, तिजोरीत राहो, तो हिराच राहतो. घड्याळात तेल असतं."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणून तर मी चावी देतो."

"रविवारी?"

"रविवारी."

"शेवटचं ऑइलिंग कधी केलं होतं याचं?"

त्यांनी घड्याळ रुमालात बांधायला घेतलं. "एक्क्याण्णव साली."

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही मदीना, पत्थरगट्टी, गुलजार हौज करत चारमिनारकडे चालू लागलो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत मामांनी माझ्या हाताकडे बोट करून विचारलं, "हा चरा कधी पडला?"

माझं घड्याळ रिव्हर्सो आहे. चौकोनी. त्याची तबकडी आडवी सरकवून उलटी करता येते, मग काच आत जाते आणि धातूची पाठ वर येते. कंपनी सांगते ती हकीकत आपल्याच देशातली आहे. 1930च्या सुमारास हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा काठीच्या तडाख्याने फुटायच्या. खेळताना सहन करेल असं घड्याळ करा, असं त्यांनी इथे आलेल्या घड्याळ-व्यापारी सेझार द त्रे याला सांगितलं. रने-अल्फ्रेद शोव्हो नावाच्या अभियंत्याने ती उलटणारी रचना काढली आणि 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये तिचं पेटंट मागितलं. आज हे घड्याळ मखमली पेटीत शोभतं असं लोकांना वाटतं. त्याचा जन्म घोड्यावर बसणाऱ्याच्या मनगटावर बांधण्यासाठी झाला होता.

"दाजींना दवाखान्यात नेलं त्या रात्री," मी म्हटलं. मामा माझ्या वडिलांना दाजी म्हणत, म्हणून मीही त्यांच्याशी बोलताना तसंच म्हणते. "स्ट्रेचर ढकलत होते. किती वाजले ते मला बघायचं नव्हतं, म्हणून घड्याळ उलटं केलं होतं. वळणावर दांड्याला हात आपटला. काचेवर बसायचा तो फटका पाठीवर बसला."

"पॉलिश करून घे."

"तुम्हीच म्हणता ना, पॉलिशने कडा जातात."

मामा थोडं थांबले. "तुझ्या घड्याळात कडा नाहीत जपण्यासारख्या. ते नवीन आहे."

"चरा जपण्यासारखा आहे."

यावर मामांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली, आणि ती मी इथे पूर्ण देते, कारण माझ्या बाजूच्या लोकांनी ती ऐकायला हवी. ते म्हणाले, "तो चरा तुला माहीत आहे म्हणून तो आठवण आहे. तुझ्यानंतर ज्याच्या हातात हे जाईल त्याच्यासाठी ते नुसतं खराब झालेलं घड्याळ. तू सांगशील ती गोष्ट घड्याळाबरोबर जात नाही. घड्याळ एकटं जातं."

मी पॉल न्यूमनचं उदाहरण दिलं. त्या नटाला त्याच्या बायकोने दिलेलं रोलेक्स डेटोना, गाडी सांभाळून चालव असं मागे कोरून घेतलेलं. तो वर्षानुवर्षं ते वापरत होता. 1984 साली मुलीच्या मित्राकडे घड्याळ नाही असं कळल्यावर त्याने ते हातातून काढून त्याला देऊन टाकलं. त्या मुलानेही ते वापरलं. ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलर मिळाले. पेटीत न हाताळता पडलेल्या कुठल्याही डेटोनाला तोवर तेवढे मिळाले नव्हते.

"ते न्यूमनचं होतं म्हणून," मामा शांतपणे म्हणाले. "किंमत वापराची झाली नाही, नावाची झाली. तुझ्या वडिलांचं नाव लिलावात कोण पुकारणार? त्यांच्यासारख्या माणसांच्या वस्तू टिकायच्या असतील तर घरातल्या कुणीतरी त्या कपाटातच ठेवायला लागतात."

हे मला लागलं, कारण ते खरं आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे. त्याने दुकानात नाव नोंदवून, बराच काळ थांबून एक पोलादी घड्याळ घेतलं. झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. पेटी, पावती, हमीपत्र सगळं एका पिशवीत बँकेच्या लॉकरमध्ये. भाव चढला की विकायचं. मामांना हे सांगितल्यावर ते चालता चालता थांबले. "तो संग्रह नव्हे, तो साठा," ते म्हणाले. "संग्रह करणाऱ्याला वस्तूकडे बघायचं असतं. मी दर रविवारी बघतो. त्याने कानाला तरी लावलंय का ते?" या एका बाबतीत मी मामांच्या बाजूची आहे आणि राहीन.

महबूब चौकातला घड्याळाचा मनोरा 1892 सालचा, आस्मान जाह यांनी बांधलेला. त्याच्या आसपासच्या एका बोळात एक घडीसाज बसतात. दुकान म्हणजे जेमतेम चार फुटांचं काउंटर, त्यावर काचेची लहानशी घुमटी, घुमटीखाली कुणाचं तरी उघडं पडलेलं यंत्र. वय सत्तरीपुढे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कॉन्स्टेलेशन हातात घेताच चेहरा उजळला. मागची बाजू बघितली, चांदण्यांवरून अंगठा फिरवला, आणि विचारलं, "साब, इसकू पैनते नै क्या?"

"नै चाचा, खाली चाबी देतूं," मामा म्हणाले.

चाचांनी झाकण उघडलं. आत तांबूस सोनेरी रंगाचं यंत्र. वरचा गोल फिरता लोलक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी देणारा भाग, त्यांनी बोटाच्या टोकाने ढकलला. तो अर्धा फिरून थांबला. मग त्यांनी बॅलन्स चक्राकडे बोट दाखवलं. निरोगी यंत्रात हे चक्र इतकं भरभर झोके घेतं की त्याचे आरे दिसत नाहीत. याचे दिसत होते. ते दमलेल्या माणसासारखं अर्ध्या झोक्यावरून परतत होतं.

"तेल सूक के गोंद हो गया," चाचा म्हणाले. आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. या यंत्राचे तासाला 19,800 ठोके पडतात. दिवसाला 4 लाख 75 हजार 200. चक्रांचे दांडे केसाएवढे बारीक, आणि ते माणिकाच्या खड्यांना पाडलेल्या भोकांत फिरतात. प्रत्येक भोकात तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकावर मावेल एवढा. घड्याळ हातात असो वा कपाटात, ते तेल कालांतराने सुकतं. त्या काळचं तेल तर लवकर सुकायचं. हातात असलेलं घड्याळ मागे पडायला लागलं की माणसाची बस चुकते, तो कुरकुरतो आणि घड्याळ आमच्याकडे येतं. कपाटातलं घड्याळ कितीही मागे पडलं तरी कुणाची बस चुकत नाही. तुम्ही रविवारी कानाला लावता, ठोका ऐकू येतो, तुम्हाला वाटतं ठीक आहे. आणि त्या सुकलेल्या तेलावर चावी देऊन देऊन दांडे घासत राहतात. चावी द्यायची असेल तर तेल हवं. तेल नसेल तर चावीसुद्धा देऊ नका.

मामांचा चेहरा उतरला. तीस वर्षांहून अधिक काळ ते दर रविवारी प्रेमाने जे करत होते, त्याने तेच घड्याळ आतून झिजत होतं. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मग चाचांनी उघडलेलं झाकण आमच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला, कंपनीच्या शिक्क्याच्या कडेने, सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं होती. घडीसाज घड्याळ उघडतो तेव्हा आपली खूण आणि तारीख आत कोरतो. पुढच्याला कळावं, की शेवटचं कुणी आणि कधी उघडलं. चाचांनी माझ्या हातात भिंग दिलं. एकाखाली एक पाच खुणा. दोन उर्दूतल्या, मला न वाचता येणाऱ्या. एक इंग्रजी आकडा, 3-72. एक 8-78. आणि शेवटची, जरा बाजूला, 1991. त्याच्या पुढे लखलखीत कोरा धातू.

त्या कोऱ्या जागेने माझ्या मनातला सगळा गुंता सोडवला. बाहेरच्या आठ चांदण्या मामांनी जपल्या. आतल्या पाटीवरचं लिहिणं मात्र 1991 सालीच थांबलं. चाचांच्या या बोळात पूर्वी घडीसाजांची ओळ होती, असं ते सांगतात. आता ते एकटे. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे आणि तिथे बरा कमावतो. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली, घराघरांत जनता आणि पायलट गेली, प्रत्येक गावात ती उघडून धुणारा एक माणूस तयार झाला. 2016 साली सरकारने तो कारखाना बंद करायचं ठरवलं, आणि त्यानंतर तीच घड्याळं लोक जमवायला लागले. वापरणारे कमी झाले आणि जमवणारे वाढले, की घडीसाजाकडे कोण जाणार? वापरात असलेल्या घड्याळाला काही वर्षांनी त्याची गरज लागते. पेटीतल्या घड्याळाला मालकाच्या मते कधीच लागत नाही. मामांना तबकडी वाचवायची आहे, मला ती तबकडी चालवू शकणारा हात वाचवायचा आहे. तबकडी एकदा गेली की परत येत नाही हे मामांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण चाचांचा हातही परत येणार नाही, आणि तो कुठल्याही पानदानात ठेवता येत नाही.

हे मी बोळात उभी राहूनच मामांना म्हटलं, बहुधा जरा मोठ्याने. चाचांनी हसून मान खाली घातली.

मामा म्हणाले, "ऑइलिंग करून घेतो. अकराही घड्याळांचं करून घेतो, एकेक आणून देईन. पण हे घालणार नाही. या चांदण्या मी नाही घासू देणार."

"नका घालू."

"तू रागावलीस."

"नाही मामा. वर्षाआड अकरा घड्याळं चाचांकडे आली तरी माझं म्हणणं अर्धं झालं."

"आणि तूही पावसात ते उलटं करून बॅगेत ठेवत जा. रबर जुनं होतं आतलं. तुझ्या काकांनी तेच केलं."

"ठेवीन." आणि हे मी खरोखरच पाळते आहे. जूनपासून माझ्या बॅगेत मलमलीचा एक तुकडा असतो, मामींनी फाडून दिलेला.

चाचांनी चिठ्ठी लिहिली, पंधरा दिवसांनी या म्हणाले. पैसे किती होतील ते सांगायला तयार नव्हते, आधी उघडून धुवून बघतो म्हणाले. मामांनी जाण्याआधी एक विनंती केली. काम झाल्यावर आत तुमची खूण कोराल ना? चाचांना हा प्रश्न विचित्र वाटला असावा. कोरतातच, ते म्हणाले.

घड्याळ घरी आलं त्याला आता तीन आठवडे झाले. परवा सकाळी पावणेआठला मामांचा फोन आला. इतक्या सकाळी ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"अगं, हे दिवसाला बारा सेकंद पुढे जातंय," ते म्हणाले. "चार दिवस बघतोय. रेडिओच्या बातम्यांना लावून बघितलं. नेमकं बारा."

"जुन्या घड्याळाला बारा म्हणजे फारसं काही नाही, मामा. चाचांना सांगितलं तर ते कमी करून देतील."

"तेच विचारायला केला. पण एक गंमत आहे. रात्री उताणं ठेवलं की जास्त पुढे जातं. चावीची बाजू खाली करून ठेवलं की थोडं मागे येतं."

"आणि दिवसा?"

"दिवसा काय?"

"दिवसा ते कुठे असतं?"

फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मागे मामींच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"हातात," मामा म्हणाले. "पण घरातल्या घरात. बाहेर नेत नाही. आणि खाली रुमाल गुंडाळतो मनगटाला, झाकण घासू नये म्हणून."